पेपरमिंटच्या डबीतला अ‍ॅम्प्लिफायर

स्टुडिओत वापरतात तसा भारी हेडफोन हौसेने विकत आणावा, मोबाइलला जोडावा, आवाज शेवटपर्यंत वाढवावा आणि तरीही गाणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटावं, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. हेडफोनमध्ये खोट नसते आणि मोबाइलमध्येही नसते. दोघांचं विजेचं गणित जुळलेलं नसतं. ते जुळवून देणारी छोटी पेटी म्हणजे हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. बाजारात ती तयार मिळते. पण गेली पंचवीसेक वर्षं जगभरचे हौशी लोक ती घरच्या टेबलावर बनवत आले आहेत. त्यासाठी एक आयसी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची रिकामी डबी एवढा ऐवज पुरतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाऊल टाकणाऱ्याला पहिला प्रकल्प म्हणून मी हाच सुचवेन. दिवा लुकलुकवण्याच्या सर्किटमध्ये दिवा लागतो किंवा लागत नाही, विषय तिथेच संपतो. इथे प्रत्येक भागाचं काम कानाला ऐकू येतं आणि जे ऐकू येतं ते मीटरवर मोजताही येतं. एखादा कपॅसिटर चुकीचा बसला तर डग्ग्याचा घुमार हरवतो, एक तार सुटली तर गायकच नाहीसा होतो. कानाने शंका घ्यायची आणि आकड्यांनी तिचा निकाल लावायचा, ही सवय या छोट्या डबीइतकी चांगली दुसरं काही लावत नाही.

कोणाला व्होल्टेज, कोणाला करंट

हेडफोनमध्ये तारेचं बारीक वेटोळं आणि चुंबक असतो. वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा हलतो. हे वेटोळं विजेला किती अडवतं, त्याला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. मोबाइलसोबत वापरायचे इअरफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात. १९९७ साली आलेला सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन ३०० ओहमचा आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० तर ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघाला.

एक हिशेब करून पाहू. एका मिलिवॉटला ९७ डेसिबल आवाज देणारा हेडफोन घेऊ. एरवी आपण ८० डेसिबलच्या आसपास ऐकत असलो तरी तबल्याची कडक थाप क्षणभर त्याच्या खूप वर जाते. त्या थापेसाठी ११० डेसिबलपर्यंत वाव ठेवायचा, तर १३ डेसिबलची वाढ हवी, म्हणजे शक्ती वीसपट, २० मिलिवॉट. आता हा हेडफोन ३०० ओहमचा असेल, तर या २० मिलिवॉटसाठी त्याला सुमारे २.४५ व्होल्ट लागतात, करंट मात्र जेमतेम ८ मिलिअँपिअर. तोच ३२ ओहमचा असेल, तर ०.८ व्होल्टमध्ये भागतं, पण करंट २५ मिलिअँपिअर हवा.

शक्ती तेवढीच, मागणी मात्र निराळी. बहुतेक मोबाइल अर्धा ते एक व्होल्ट देऊ शकतात, म्हणून ३२ ओहमच्या इअरफोनला ते पुरतात आणि ३०० ओहमपुढे हात टेकतात. अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याने सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी आपल्या हेडफोनचा हा हिशेब कागदावर करावा. पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात.

चू मॉय यांचा आराखडा

या छंदाला घराघरांत नेण्याचं श्रेय अमेरिकेतल्या चू मॉय यांच्याकडे जातं. खिशात मावेल अशा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा त्यांनी १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यांच्या नावावरूनच पुढे तो ‘सीमॉय’ म्हणून ओळखला जाऊ लागला. अल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत नऊ व्होल्टची बॅटरी आणि शेजारी लहानसा बोर्ड बरोबर बसतो, असं हौशी मंडळींच्या लक्षात आलं आणि ती डबीच या अ‍ॅम्प्लिफायरची ओळख बनली. पत्र्याचा आणखी एक फायदा होता. धातूचं आवरण बाहेरचा विद्युत गोंगाट बराचसा अडवतं.

आराखड्याचं खरं सामर्थ्य त्याच्या साधेपणात होतं. डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी एक ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग. त्याच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर. आवाज किती पट वाढवायचा हे ठरवणारे आणखी दोन रेझिस्टर. सुरुवातीला आवाज कमी-जास्त करायचा पॉट, शेवटी हेडफोनचा जॅक. शाळकरी मुलालाही एका कागदावर काढता येईल असं हे चित्र आहे आणि त्यातल्या प्रत्येक भागाला तिथे असण्याचं कारण आहे.

तो कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर यांचीच जोडी पाहा. मोबाइल किंवा प्लेअरकडून चुकून येणारी स्थिर वीज, म्हणजे डीसी, कपॅसिटर अडवतो आणि हलती वीज, म्हणजे संगीत, पुढे सोडतो. पण फार सावकाश हलणाऱ्या विजेलाही तो थोडा अडवतोच. ही सीमा कुठे पडते, ते दोघांच्या किमतींवर ठरतं. इथे ती सुमारे १६ हर्ट्झवर पडते. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून ऐकतो, म्हणून ऐकू येणारं जवळपास सगळं सुखरूप पार होतं.

नऊ व्होल्टचे दोन भाग

ध्वनीची लहर शून्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे हलते. बॅटरीला मात्र एक धन आणि एक ऋण टोक. खाली जायला जागाच नाही. यावर सीमॉयमध्ये सोपी युक्ती आहे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि मधल्या बिंदूलाच शून्य मानायचं. त्या बिंदूवरून पाहिलं तर एक टोक ४.५ व्होल्ट वर आणि दुसरं ४.५ व्होल्ट खाली. याला आभासी ग्राउंड म्हणतात. हेडफोनमधून परतणारा करंट पेलायला त्याला २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर टेकू देतात.

ही व्यवस्था मोठ्या इम्पीडन्सच्या हेडफोनला छान चालते, कारण त्याचा करंट थोडा असतो. ३२ ओहमच्या इअरफोनवर जोरकस खर्ज वाजला की मधला बिंदू डगमगू लागतो. म्हणून पुढच्या बांधणाऱ्यांनी दोन वाटा काढल्या. काहींनी टीएलई २४२६ नावाची खास व्होल्टेज दुभागणारी चिप बसवली. काहींनी सरळ दोन बॅटऱ्या घेतल्या, म्हणजे मधला बिंदू आभासी राहतच नाही आणि दोन्ही बाजूंना पूर्ण नऊ-नऊ व्होल्ट मिळतात.

ऑप-अँपच्या आत काय चालतं

सीमॉयमध्ये सहसा ओपीए २१३४ ही आठ पायांची चिप वापरतात. तिच्या पोटात दोन ऑप-अँप असतात. प्रत्येकाला दोन इनपुट असतात आणि त्यांच्यातला फरक तो सुमारे दहा लाख पट वाढवतो. आपल्याला हवी असते चार-पाच पट वाढ. मग दहा लाखांचं करायचं काय?

याचं उत्तर हॅरोल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेतल्या तरुण अभियंत्याने शोधलं. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर जागोजागी अ‍ॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आवाज थोडा बिघडवत असे. अशा अनेक टप्प्यांनंतर बोलणं कळेनासं होई. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर जाताना ब्लॅक यांना उपाय सुचला आणि त्यांनी तो हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर लिहून काढला. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा ठरावीक हिस्सा उलटा करून परत इनपुटकडे आणायचा आणि मूळ सिग्नलशी ताडून पाहायचा, अशी ती ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची कल्पना होती. जो फरक दिसेल, तोच दुरुस्त करत राहायचं. हाताशी असलेली वाढ मुद्दाम गमवायची आणि तिच्या बदल्यात अचूकपणा मिळवायचा, हा विचार त्या काळी इतका उफराटा वाटला की पेटंट हाती पडायला १९३७ उजाडलं.

तंबोरा लावणारा तार छेडतो, मनातल्या षड्जाशी ताडतो, खुंटी किंचित पिळतो आणि पुन्हा छेडतो. निगेटिव्ह फीडबॅक हेच काम विजेच्या वेगाने, क्षणभरही न थांबता करतो.

सीमॉयमध्ये हा परत आणायचा हिस्सा दोन रेझिस्टर ठरवतात. एक १० किलोओहमचा, दुसरा एक किलोओहमचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि एक मिळवायचा. उत्तर अकरा, म्हणजे आवाजाची लहर अकरा पट. आपल्या हिशेबात मात्र ३०० ओहमच्या हेडफोनला २.४५ व्होल्ट हवे होते आणि मोबाइल अर्धा ते एक व्होल्ट देत होता. तेव्हा तीन ते पाच पट पुरे. १० किलोओहमच्या जागी ३.३ किलोओहमचा रेझिस्टर लावला की वाढ ४.३ पट होते. शिवाय नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर आउटपुट कसंबसं अडीच व्होल्टच्या जवळ पोचतं. तिथे अकरा पट वाढ ठेवली तर पॉट थोडा फिरवताच आवाज फाटेल.

ऑप-अँप सुरुवातीपासून इतका लहान नव्हता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फिलब्रिक कंपनीने के२-डब्ल्यू हा ऑप-अँप विकायला काढला. त्यात काचेच्या दोन व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला अधिक-उणे ३०० व्होल्ट लागत. १९६५ मध्ये फेअरचाइल्डमधल्या बॉब विडलर यांची ७०९ ही चिप आली, १९६८ मध्ये तिथलीच डेव्ह फुलागर यांची ७४१. त्या वाटेवरूनच आजची, नखाएवढी आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी चिप आपल्या हाती आली.

टेबलावर

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातला बुधवार पेठेचा परिसर पालथा घातला की यातला जवळपास सगळा माल मिळतो. आयसी मात्र भरवशाच्या दुकानातूनच घ्यावी. नावाजलेल्या ऑप-अँपच्या नकली प्रती सर्रास विकल्या जातात आणि छपाई इतकी बेमालूम असते की नजरेला फरक कळत नाही.

बोर्डावर सर्वांत आधी आयसीचा बेस बसवा. चिप थेट सोल्डर केली तर ती तापते आणि पुढे बदलायची झाली तर हाल होतात. सोल्डरिंग करताना गनचं टोक बोर्डावरच्या तांब्याला आणि भागाच्या पायाला एकाच वेळी टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं आणि मगच सोल्डरची तार लावायची. सोल्डर गनला लावून टाक्यावर ओतली तर गोळा तयार होतो. तो वरून चांगला दिसतो आणि आतून सुटा राहतो. नीट बसलेला टाका पायाभोवती उतरता आणि चकचकीत दिसतो. सोल्डरिंगचा धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

चिप बसवण्याआधी बॅटरी जोडून बेसमध्येच व्होल्टेज मोजावं. आभासी ग्राउंडच्या तुलनेत आठव्या पायावर अधिक ४.५ आणि चौथ्यावर उणे ४.५ दिसलं पाहिजे. मग बॅटरी काढून चिपची खाच योग्य बाजूला येईल अशी ती बसवायची. पुन्हा बॅटरी जोडून पहिल्या आणि सातव्या पायावर, म्हणजे दोन आउटपुटवर, डीसी मोजायचं. तिथे काही मिलिव्होल्टच असावेत. व्होल्टच्या घरात आकडा दिसला तर हेडफोन जोडायचा नाही, कारण ती स्थिर वीज वेटोळं जाळू शकते. आकडा ठीक असला तरी पहिली चाचणी घरातल्या सर्वांत स्वस्त इअरफोनवरच घ्यावी.

डबीत बसवताना एक खाचखळगा हमखास लागतो. जॅकचा धातूचा गळा पत्र्याला टेकतो आणि डबी आभासी ग्राउंडला जोडली जाते. ते चांगलंच आहे. पण आता बॅटरीचं ऋण टोक कुठेही पत्र्याला टेकलं, तर सर्किटचा अर्धा भाग शॉर्ट होतो. म्हणून बोर्डाखाली जाड प्लास्टिक घालावं आणि बॅटरीऐवजी अडॅप्टर जोडायची खाच ठेवायची असेल तर ती प्लास्टिकच्या अंगाची निवडावी.

चूक कानाने ओळखावी

आता या छंदाचा सर्वांत रंगतदार भाग. सर्किटमधल्या बहुतेक दोषांना स्वतःचा आवाज असतो.

गाण्यात तंबोरे, टाळ ऐकू येताहेत, जागा पोकळ वाटतेय आणि मधोमध बसलेल्या गायकाचा आवाजच गायब आहे. जॅकची सामाईक ग्राउंडची तार सुटलेली असते. ती नसली की दोन्ही बाजूंचे स्पीकर एकापुढे एक जोडले जातात आणि कानाला फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन जातो.

डग्ग्याचा घुमार हरवलाय आणि बाकी सगळं स्वच्छ आहे. इनपुटचे कपॅसिटर पाहा. त्यांच्यावर १०४ छापलेलं हवं, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. चुकून १०३ छापलेले बसले तर किंमत दहापट कमी होते आणि १६ हर्ट्झची सीमा १६० हर्ट्झवर चढते. एका अंकाच्या फरकाने खर्ज कापला जातो.

सतत ‘घुं’ येतं आणि डबीला बोट लावताच बदलतं. हे घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचं सावट आहे, डबी ग्राउंडला नीट जोडलेली नसते. अडॅप्टर लावल्यावरच घुमतं आणि बॅटरीवर शांत असतं, तर दोष अडॅप्टरचा. पॉट फिरवताना खरखर होते, तर आतली पट्टी मळलेली आहे किंवा पॉटवर डीसी चढतंय. अगदी लहान आवाजात एक कान जड लागतो, तर पॉटचे दोन भाग तळाशी सारखे नाहीत. वाढ कमी ठेवली की पॉट जरा वर फिरवावा लागतो आणि हा दोष आपोआप मागे पडतो.

तबल्याची थाप फाटते, गाणं मात्र स्वच्छ राहतं, तर बॅटरी उतरत आलेली असते. लहरीचं टोक व्होल्टेजच्या छताला आदळतं आणि ते टोक आधी तबल्याचंच असतं.

एक दोष मात्र कानाला फसवतो. काहीच वाजत नसताना चिप गरम लागते आणि बॅटरी भराभर संपते. ऑप-अँप ऐकण्याच्या पलीकडच्या कंप्रतेवर स्वतःच कंप पावत असतो. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पायांना अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले आणि तारा आखूड केल्या की तो बहुधा शांत होतो. वेगवान, महागडी चिप घातल्यावर ही तक्रार जास्त येते, कारण वेगाबरोबर कंपण्याची शक्यताही वाढते.

कान आणि मीटर

इथून पुढे छंदाला दोन फाटे फुटतात. काही जण एका बेसमध्ये दहा प्रकारच्या चिप बदलून त्यांचा ‘सूर’ शोधत बसतात. दुसरे मोजमापाकडे वळतात. दुसऱ्या वाटेवरचं ठळक काम म्हणजे २०११ मध्ये आलेला ऑब्जेक्टिव्ह २ किंवा ‘ओ२’ हा आराखडा. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने तो सर्व मोजमापांसह खुला केला. प्रत्येक भाग का निवडला, याची कारणं आकड्यांत मांडली. करंटसाठी एनजेएम ४५५६ ही साधी, स्वस्त चिप घेतली आणि तिच्यातले दोन-दोन ऑप-अँप समांतर जोडले. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, हे लेखन अचानक थांबलं आणि त्यामागची व्यक्ती कधीच पुढे आली नाही. आराखडा मात्र आजही बांधला जातो.

ओ२ ने एक गोष्ट ठामपणे दाखवून दिली. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा सूर नसतो. जे आत आलं तेच, हवं तेवढं मोठं होऊन, बाहेर जावं. दोन अ‍ॅम्प्लिफायरांमधला फरक ऐकायचा असेल तर दोघांचा आवाज मीटरने तंतोतंत सारखा करून, कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्याला न सांगता ऐकावं. किंचित मोठा आवाज आपल्या कानाला नेहमी जास्त गोड लागतो आणि नव्या चिपची किंमत ठाऊक असली की ती गोडी आणखी वाढते. असं झाकून ऐकल्यावर अनेक ‘फरक’ विरून जातात. मला यात या छंदाची मोठी देणगी दिसते. आपलंच मत आपण तपासून पाहू शकतो आणि तपासल्यावर ते बदलू शकतो.

हेच शिस्तीचं ऐकणं आवाजाच्या पातळीलाही लावायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, ९० डेसिबलला तीच मर्यादा चार तासांवर येते. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हे दहा डेसिबल सहज, कुरकुर न करता वाढवून देतो आणि आवाज फाटत नसल्याने तो मोठा झाल्याचं भानही राहत नाही. बांधणाऱ्याच्या हाती याची चावी आहे. वाढ ठरवणारा रेझिस्टर त्यानेच निवडायचा असतो. आपल्या हेडफोनला, आपल्या कानांना पुरेल एवढीच वाढ ठेवली तर पॉट पूर्ण फिरवूनही आवाज मर्यादेत राहतो.

पहिला सीमॉय वाजू लागला की दुसऱ्याची ओढ लागते. तो दोन बॅटऱ्यांचा करून पाहावा आणि तबल्याची थाप आता कुठे फाटते ते ऐकावं. मग वाढीचे रेझिस्टर बदलावेत, आधी उत्तर कागदावर काढावं आणि नंतर मीटरने ताडावं. एका वेळी एकच भाग बदलायचा, ही एकच शिस्त पाळली तरी काही आठवड्यांत सर्किटचं चित्र वाचताना ते कसं वाजेल याचा अंदाज येऊ लागतो. पुस्तकात इम्पीडन्स, फीडबॅक, ग्राउंड हे शब्द कितीही वेळा वाचले तरी हा अंदाज येत नाही. तो स्वतः बांधूनच येतो.